पेटी, ताट आणि गुंड : घरातील धातूच्या वस्तूंच्या छायाचित्रणाचा एक अभ्यासपाठ

आपल्या वसतिगृहात प्रवेशासाठी जो विद्यार्थी येई, त्याच्या सोबत बहुधा तीन वस्तू असत : टिनाची पेटी, स्टीलचे ताट आणि पेला. पेटीच्या झाकणावर पांढऱ्या रंगाने नाव, गाव आणि इयत्ता लिहिलेली असे. ताटाच्या काठावर नाव कोरलेले असे, कारण पंगत उठल्यावर सर्वांची ताटे एकाच नळाखाली घासली जात आणि ती सारखीच दिसत. कित्येकांच्या ताटावर मात्र स्वतःचे नावच नसे. आईवडिलांच्या लग्नात आहेर म्हणून आलेले ते ताट. त्यावर मामाचे किंवा आत्याचे नाव आणि लग्नाची तारीख असे. घरात जे सर्वांत चांगले ताट होते तेच मुलाबरोबर शाळेत पाठविले गेले, हे त्या अक्षरांवरून आज आम्हांला उमगते. त्या वेळी उमगले नव्हते.

काही वर्षांपूर्वी वसतिगृहाचे स्वयंपाकघर नव्याने बांधले गेले. जुने पितळी हंडे, पोळ्यांची कणीक भिजविण्याचा मोठा कोपर, वरणाचे कल्हई केलेले पातेले अशी बरीच भांडी तेव्हा मोडीत निघाली. ती वजनावर विकली गेली आणि आलेल्या पैशांत स्टीलची नवी भांडी आली. व्यवहार चोख झाला. पुढे या स्मरणिकेसाठी जुनी छायाचित्रे शोधावयास बसलो, तेव्हा स्नेहसंमेलनांची, बक्षीस-समारंभांची आणि पाहुण्यांच्या सत्काराची चित्रे गठ्ठ्याने सापडली. ज्या भांड्यांतून इतकी वर्षे आपण जेवलो, त्यांचे एकही चित्र सापडले नाही. ही चूक आमची आहे. ती आपल्या घरी होऊ नये, यासाठी हा पाठ आम्ही लिहीत आहोत.

छायाचित्रणाच्या छंदवर्गात एक जुनी पद्धत आहे. सर्वांना एकच विषय द्यावयाचा, ठराविक मुदतीत प्रत्येकाने त्यावर एकच चित्र आणावयाचे आणि मग सर्व चित्रे शेजारी ठेवून पाहावयाची. विषय जितका साधा, तितकी पाहणाऱ्याची परीक्षा मोठी. ‘घरातील धातू’ हा असाच विषय आहे. त्यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही. हातातील मोबाईल पुरतो. लागते ते थोडे ज्ञान आणि बरीचशी सबुरी.

१. आधी धातू ओळखावा

चित्र घेण्यापूर्वी वस्तू कशाची आहे हे ठाऊक असले पाहिजे, कारण प्रत्येक धातू प्रकाशाशी निराळा वागतो. पितळ हे तांबे व जस्त यांचे मिश्रण, तर कासे हे तांबे व कथील यांचे. तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ कळकतो, म्हणून आतून कल्हई करावी लागे. कल्हईवाला भांडे तापवून त्यावर नवसागर टाकी. त्याने पृष्ठभागावरचा मळ सुटे. मग कथलाची कांडी फिरवून तो कापसाच्या बोळ्याने कथील सर्वत्र पसरवी. कथील अवघ्या २३२ अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे हे काम झाडाखालच्या लहान भट्टीवरही होत असे. जुन्या भांड्याच्या आत पाहिले तर या बोळ्याचे फटकारे अजूनही दिसतात. ते चित्रात आले पाहिजेत.

स्टेनलेस स्टीलमध्ये लोखंडाबरोबर क्रोमियम असते. त्याचा अतिशय पातळ, डोळ्यांना न दिसणारा थर पृष्ठभागावर तयार होतो आणि गंज चढू देत नाही. ॲल्युमिनिअमला आपल्याकडील जुनी माणसे ‘जर्मन’ म्हणतात. हे भांडे हलके असते, लवकर चेपते आणि त्याची चमक मंद व दुधी असते. छपराचे टिन व पाण्याच्या बादल्या यांचे लोखंड जस्ताच्या लेपाने झाकलेले असते. नव्या लेपावर बर्फाच्या स्फटिकांसारखी नक्षी दिसते. तिरप्या उन्हात तिचे चित्र सुरेख येते.

वऱ्हाडच्या बोलीत ‘गंज’ म्हणजे भांडेही आणि लोखंडावर चढणारी तांबही. लोखंड, हवा आणि पाणी एकत्र आले की गंज चढतो आणि पाण्यात क्षार असले की तो वेगाने चढतो. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि बुलडाणा या जिल्ह्यांतून जातो. तेथील घरांत भांड्याच्या कडेवर पांढरा थर साचलेला आढळतो. अशा भांड्याचे चित्र म्हणजे त्या गावच्या पाण्याची नोंद होय. म्हणून चित्रासाठी ते घासूनपुसून चकचकीत करू नये. धम्मपदाच्या मलवग्गात लोखंडातूनच उपजून लोखंडाला खाणाऱ्या गंजाचा दृष्टांत येतो, हे आपल्या वाचकांस ठाऊक आहेच. ज्यांनी खारपाणपट्ट्यातील जुनी बादली पाहिली आहे, त्यांना तो समजावून सांगावा लागत नाही.

२. धातूचे भांडे आणि माणसाचा मान

येथे कोणी विचारील की, ताटे-तांबे हा का अभ्यासाचा विषय झाला? आपल्या समाजापुरते तरी याचे उत्तर इतिहासात आहे.

मातीचे भांडे विटाळले तर फोडावे आणि धातूचे असेल तर राखेने, चिंचेने घासून शुद्ध करून घ्यावे, असा जुना रिवाज होता. त्यामुळे कोणाच्या घरी कोणते भांडे असावे, हा केवळ ऐपतीचा प्रश्न उरला नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी फुटक्या भांड्यांत जेवावे आणि लोखंडाचे दागिने घालावेत, असे विधान आहे. हाच ग्रंथ २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे जाळण्यात आला. त्याच वर्षीच्या २० मार्चला बाबासाहेबांनी व हजारो अनुयायांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने प्राशन केले होते आणि नोव्हेंबरात अमरावतीस अंबादेवी मंदिर-प्रवेशाच्या प्रश्नावर बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली होती.

१९३६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘जातिप्रथेचे उच्चाटन’ या निबंधात बाबासाहेबांनी आपल्या विषयाशी थेट निगडित असा एक प्रसंग नोंदविला आहे. अहमदाबाद जिल्ह्यातील एका गावात नोव्हेंबर १९३५ मध्ये बऱ्या स्थितीतील अस्पृश्य कुटुंबांतील काही स्त्रिया धातूच्या भांड्यांतून पाणी आणू लागल्या. एवढ्याच कारणावरून सवर्णांनी त्यांच्यावर हल्ला केला. भांड्यात पाणी तेच होते; मातीऐवजी धातूचे भांडे डोक्यावर आले, हा गुन्हा ठरला.

ही घटना वाचल्यानंतर आपल्या आजीच्या पितळी गुंडाकडे पुन्हा एकदा पाहावे. तो गुंड कोणत्या वर्षी घरात आला? कोणत्या मजुरीच्या पैशांतून आला? विहिरीवर किंवा नळावर तो पहिल्यांदा नेला तेव्हा कोणी काय म्हटले? सातबारा नसलेल्या, पत्रव्यवहार नसलेल्या आणि फोटोचा अल्बम नसलेल्या घरांत ही भांडी हीच कागदपत्रे आहेत. त्यांवर नावे आहेत, तारखा आहेत, पोचे आहेत. ती मोडीत गेली की पुरावाही गेला.

३. पूर्वसूरींचे धडे

छायाचित्र आणि धातू यांचे नाते जन्माचे आहे. १८३९ साली पॅरिसमध्ये दागेर यांची जी पद्धत जाहीर झाली, तिच्यात चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावरच चित्र उमटत असे. पुढे फिल्म आली. तिच्यातही चांदीचेच क्षार होते. आपल्या घरांतील लग्नाचे कृष्णधवल फोटोही चांदीच्या सूक्ष्म कणांनी घडलेले आहेत.

आंद्रे केर्तेस या छायाचित्रकाराने १९२८ साली पॅरिसमध्ये बशीच्या काठावर टेकलेला एक साधा काटा आणि त्याची सावली यांचे चित्र घेतले. ते जगभर नावाजले गेले. अमेरिकेतील वॉकर इव्हान्स यांनी ‘फॉर्च्यून’ मासिकाच्या जुलै १९५५ च्या अंकात पक्कड, पाना, गवंड्याची थापी अशा सामान्य हत्यारांची चित्रे पानभर मोठी करून छापली. कोऱ्या पार्श्वभूमीवर एकच हत्यार, दुसरे काहीही नाही. श्रमाच्या वस्तूकडे इतक्या आदराने पाहता येते, हा त्या चित्रांचा धडा आहे.

असाच आदर माणसांच्या बाबतीत पाहावयाचा असेल तर दूर जावयास नको. मूळचे अकोल्याचे सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे जीवन वर्षानुवर्षे चित्रित केले. त्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. ज्या कामाकडे शहर पाहत नव्हते, त्याच्यासमोर ते कॅमेरा घेऊन उभे राहिले. आपल्या विद्यार्थ्यांनी तंत्र कोणाकडूनही शिकावे; कोठे उभे राहावे हे मात्र अशा चित्रकारांकडून शिकावे.

४. प्रकाशाचा पाठ

धातूचे चित्र बिघडते ते एकाच कारणाने. मडक्यावर किंवा कापडावर प्रकाश पडला की तो सर्व दिशांना विखुरतो, त्यामुळे कोठूनही पाहिले तरी मडकेच दिसते. घासलेला धातू मात्र आरशासारखा वागतो. प्रकाश ज्या कोनाने येतो त्याच कोनाने परततो; आणि आपल्याला भांड्याऐवजी खिडकी, छतावरचा दिवा व मोबाईल धरलेले आपण स्वतः दिसू लागतो. म्हणून धातूचे चित्र घेताना भांड्यावर प्रकाश टाकण्यापेक्षा भांड्यासमोर काय ठेवावे याचा विचार करावा लागतो. पुढील सूचना आम्ही विद्यार्थ्यांकडून करवून घेतल्या आहेत.

(क) मोबाईलचा फ्लॅश बंद ठेवावा. फ्लॅशने भांड्यावर एक पांढरा ठिपका येतो आणि बाकीचे भांडे काळवंडते.

(ख) सकाळी किंवा दुपार कलल्यावर दाराशी अथवा खिडकीशी वस्तू ठेवावी. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. त्या भर दुपारच्या उन्हात चित्र घेऊ नये. भांडे हाताला चटका देते आणि चित्रात सावल्या काळ्याकुट्ट येतात.

(ग) खिडकीवर पांढरे धोतर किंवा सुती चादर टांगावी. प्रकाश मऊ होतो आणि भांड्यावर खिडकीच्या गजांऐवजी एकसंध उजेड दिसतो. खिडकीच्या विरुद्ध बाजूस पांढरा पुठ्ठा उभा केला की अंधारी बाजू उजळते.

(घ) पांढऱ्या पार्श्वभूमीवर स्टीलच्या ताटाची कड हरवते. अशा वेळी भांड्याच्या दोन्ही बाजूंस, चौकटीच्या बाहेर, काळ्या कापडाच्या पट्ट्या धराव्यात. त्यांचे प्रतिबिंब कडेवर येते आणि आकार ठसठशीत होतो.

(ङ) स्वतःचे प्रतिबिंब टाळण्यासाठी किंचित तिरपे उभे राहावे, दोन पावले मागे सरावे आणि गडद कपडे घालावेत. काचेवरील किंवा पाण्यावरील चकाकी पोलरायझर नावाच्या फिल्टरने कमी होते. उघड्या धातूवरील चकाकी त्याने फारशी कमी होत नाही. तेव्हा त्यावर पैसे खर्चू नयेत.

(च) पडद्यावर वस्तूवर बोट दाबून धरले की बहुतेक मोबाईलमध्ये फोकस व उजेड तेथे स्थिर होतो. मग बोट खाली सरकवून उजेड थोडा कमी करावा. चमकणारी जागा एकदा पूर्ण पांढरी झाली की तेथील तपशील नंतर परत आणता येत नाही. काळ्या तव्यासाठीही हीच युक्ती वापरावी, कारण काळी वस्तू उजळ करण्याच्या नादात कॅमेरा तव्याला राखाडी करून टाकतो.

(छ) एका वेळी एकाच प्रकारचा उजेड ठेवावा. एकीकडून खिडकी आणि दुसरीकडून पिवळा बल्ब असेल तर पितळ कोणते आणि तांबे कोणते हे चित्रावरून ओळखता येत नाही.

(ज) कोरलेले नाव वाचावयाचे असेल तर खोली अंधारी करून बॅटरी अगदी बाजूने, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरावी. अक्षरांच्या खाचांत सावली भरते आणि समोरून मुळीच न दिसणारे नाव वर येते. आमच्या वर्गात हा प्रयोग सर्वांत अधिक आवडतो. घासून घासून गुळगुळीत झालेल्या तांब्यावर पणजोबांचे नाव उमटले की मुले एकदम गप्प होतात.

५. तीन वेळा पाहणे

मज्झिम निकायातील अम्बलट्ठिका-राहुलोवाद सुत्तात भगवान बुद्ध बाल राहुलास असत्याविषयी उपदेश करतात, तो एक पाण्याचे भांडे हाती घेऊन. भांड्यातील उरलेले थोडेसे पाणी, ते फेकून देणे, भांडे पालथे करणे आणि रिकामे भांडे दाखविणे, असे एकामागून एक दाखले ते देतात. त्यानंतर आरसा कशासाठी असतो, असे विचारतात. पाहण्यासाठी, असे राहुल उत्तरतो. तसेच प्रत्येक कर्म करण्यापूर्वी, करीत असताना आणि केल्यावर पाहून घ्यावे, अशी शिकवण पुढे येते. त्या काळचे आरसेही घासून गुळगुळीत केलेल्या धातूचे असत.

हा नियम चित्रणालाही जसाच्या तसा लागू पडतो. बटण दाबण्यापूर्वी पाहावे : चौकटीत अनावश्यक काय आहे, वस्तू सरळ आहे का, घरच्यांची संमती घेतली आहे का. दाबताना पाहावे : हात स्थिर आहे का, श्वास रोखला आहे का. दाबल्यानंतर चित्र मोठे करून पाहावे : नाव वाचता येते का, भांड्याच्या पोटात कोणाचे खाजगी असे काही प्रतिबिंबित झालेले नाही ना. शेवटची गोष्ट किरकोळ वाटेल. पण एका मुलाने आणलेल्या हंड्याच्या चित्रात आतल्या खोलीत झोपलेले आजारी आजोबा स्पष्ट दिसत होते. त्याला ते घरी जाऊन पुन्हा घ्यावयास सांगितले.

६. वर्षाचे विषय

वर्षभर चालविता येतील असे काही विषय येथे सुचवितो. दर महिन्यास एक विषय घ्यावा. नियम तीनच : वस्तू घरातील किंवा गल्लीतील असावी, चित्रासाठी नवी विकत घेऊ नये आणि एका विषयाचे एकच चित्र निवडावे.

*पाणी.* गुंड, गडवा, बादली, कळशी यांपैकी काहीही चालेल. गावातील हातपंपही चालेल. १९७० च्या दशकात आकाराला आलेल्या ‘इंडिया मार्क दोन’ या हातपंपाच्या मागे आपल्या महाराष्ट्रातील जालना आणि सोलापूर येथील पंपांचा अनुभव होता. आज तो जगातील अनेक देशांत चालतो. त्याचा दांडा जेथे हात धरतो तेवढाच चकाकतो आणि बाकीचा करडा राहतो. ही चकाकी कोणी मुद्दाम केलेली नाही, ती हजारो हातांची आहे. चित्र तिचे घ्यावे.

*धार.* विळी, विळा, खुरपे, कुऱ्हाड, वखराची पास. शेतातील लोखंडाची धार झिजत जाते आणि पात्याचा आकारच बदलतो. नवे आणि झिजलेले खुरपे शेजारी ठेवले तर मधल्या फरकाएवढे लोखंड मातीत मिसळले आहे, हे दिसते. निंदणी करणाऱ्या मावशींचा हात चित्रात यावा असे वाटल्यास आधी त्यांना विचारावे आणि चित्र त्यांना दाखवावे.

*नाव.* आहेराची भांडी, पेटीचे झाकण, सायकलची दांडी, कुलूप. कोरणाऱ्याने केलेल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दुरुस्त करू नयेत. नोंदीत त्या तशाच लिहाव्यात.

*माप.* देशात दशमान वजने-मापे १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली. त्यापूर्वीचे शेर आणि पायली अजून काही घरांत धान्याच्या कोठीजवळ पडून आहेत. जुन्या मापाशेजारी आजचे किलोचे वजन ठेवून चित्र घ्यावे.

*रूळ.* अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूरहून एकीकडे अचलपूर आणि दुसरीकडे यवतमाळ अशी अडीच फूट रुंदीची ‘शकुंतला’ धावत असे. १९२१ साली मँचेस्टर येथे बनलेले वाफेचे इंजिन १९२३ पासून तिच्यावर राबले आणि १९९४ साली डिझेल इंजिनाने त्याची जागा घेतली. पुढे गाडीही थांबली. आपल्यापैकी कित्येकजण सुटीत पेटी घेऊन याच गाडीने घरी गेले आहेत. रुळांवर उतरू नये, रेल्वेच्या हद्दीत परवानगीशिवाय जाऊ नये. त्याची गरजही नाही. गावोगावच्या शाळांत घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा असतो. त्यावर हातोडीचा घाव जेथे रोज बसतो, ती जागा पाहावी.

*जोड.* डाग दिलेली बादली, रिवेट मारलेला कढईचा कान, तारेने बांधलेला चष्मा. टाकून न देता वापरत राहण्याची ही विद्या आपल्या घरांतून झपाट्याने जात आहे.

*कुलूप-किल्ली*, *चाक*, *अन्न*, *आवाज*, *प्रतिबिंब* हे विषय स्वतःच पुरेसे बोलके आहेत. त्यांचा विस्तार करीत नाही.

*नसलेली वस्तू.* हा शेवटचा आणि कठीण विषय. वस्तू गेली आहे, परंतु खूण उरली आहे : फडताळावर हंड्याच्या बुडाचे वर्तुळ, भिंतीत कंदिलाचा खिळा, उंबऱ्यावर पेटी ओढल्याचा ओरखडा. वसतिगृहाच्या जुन्या कोठीत जमिनीवर अशी चार वर्तुळे अजून आहेत. आम्हांला आता तेवढेच चित्र घेता आले.

७. नोंदीशिवाय चित्र अपुरे

पन्नास वर्षांनी हे चित्र पाहणाऱ्यास भांडे दिसेल, पण ते कोणाचे हे कळणार नाही. म्हणून प्रत्येक चित्राबरोबर पाच ओळी लिहाव्यात. वस्तूला घरात कोणत्या शब्दाने ओळखतात, ती कोणत्या धातूची आहे, कोणाची होती, घरात केव्हा व कशी आली आणि ही माहिती कोणी सांगितली. घरातला शब्द तसाच ठेवावा. कोपर, गडवा, सराटा हे शब्द खोडून परात, तांब्या, उलथणे असे लिहू नये. वाटल्यास शेजारी अर्थ द्यावा. आकार कळावा म्हणून एका चित्रात वस्तूशेजारी मोजपट्टी किंवा नाणे ठेवावे.

पालकांस दोन विनंत्या आहेत. सोन्याचांदीच्या दागिन्यांची चित्रे मुलांस घेऊ देऊ नयेत आणि भांड्यांची चित्रे इतरत्र पाठविताना घराचा पत्ता वा दूरध्वनी क्रमांक त्यांवर नसावा. चित्रे केवळ मोबाईलमध्ये ठेवू नयेत, कारण मोबाईल हरवतो आणि बिघडतो. दुसरीकडे एक प्रत ठेवावी आणि शक्य असल्यास निवडक चित्रे कागदावर छापून, मागे पेन्सिलीने नोंद लिहून ठेवावीत.

८. स्वाध्याय

वाचकांनी, मग ते अमरावती-अकोल्यात असोत, पुण्या-मुंबईत असोत की परदेशी, पुढील स्वाध्याय करावा, अशी आमची अपेक्षा आहे.

१. घरातील सर्वांत जुनी धातूची वस्तू शोधावी. ती कोणती याविषयी घरात मतभेद झाल्यास उत्तम. सर्वांचे म्हणणे लिहून घ्यावे.

२. तिची तीन चित्रे घ्यावीत : संपूर्ण वस्तू, तिच्यावरचे नाव किंवा पोचा आणि ती वापरणाऱ्या माणसाचा हात.

३. पाच ओळींची नोंद घरातील सर्वांत वयस्क व्यक्तीस वाचून दाखवावी आणि तिने केलेली दुरुस्ती मान्य करावी.

४. ती वस्तू मोडीत द्यावयाची असेल तर खुशाल द्यावी. घर अडगळीने भरावे असे आम्ही म्हणत नाही आणि ज्या घरास पैशांची निकड आहे त्याने आठवणीखातर पितळ राखून ठेवावे असेही म्हणत नाही. मात्र वजनकाट्यावर ठेवण्यापूर्वी वरील तीन गोष्टी कराव्यात. त्यास अर्धा तास लागतो.

माजी विद्यार्थ्यांस आणखी एक आवाहन आहे. आपली वसतिगृहातील टिनाची पेटी बहुतेकांच्या घरी माळ्यावर किंवा गोठ्यात आजही असेल. तिच्यात आता गहू असतील, जुने कपडे असतील किंवा शेताची औजारे असतील. ती खाली काढावी. झाकणावरचा रंग उडाला असेल तर बॅटरी बाजूने धरून पाहावे. पत्र्यावर रंगाच्या खुणा उरल्या असतील तर नाव वाचता येते. ते चित्र व पाच ओळींची नोंद शाळेकडे पाठवावी. नव्या इमारतीच्या प्रवेशद्वाराशी एक भिंत त्यासाठी आम्ही मोकळी ठेवली आहे. तिच्यावर सर्वांत आधी कोठीतील त्या चार वर्तुळांचे चित्र लावले आहे आणि त्याखालच्या नोंदीत भांडी केव्हा विकली, किती वजनाची भरली आणि ती विकण्याचा निर्णय आम्हीच घेतला होता, हे लिहून ठेवले आहे.